सोलापूर : बाल न्याय मंडळापुढे आलेल्या मुलांसाठी आधारगट कसा चालवायचा?

हातमाग

नमस्कार मंडळी. साखर पेठ, अशोक चौक आणि विडी घरकुल भागातले काही जण मिळून एक छोटा गट उभा करतायत. गुन्ह्याच्या आरोपावरून बाल न्याय मंडळापुढे, म्हणजे १८ च्या आतल्या मुलांची प्रकरणं बघणाऱ्या मंडळापुढे, उभ्या राहिलेल्या मुलांना पुन्हा शाळेत, कामात, घरात बसवायला मदत करायची, एवढाच हेतू. मन लावून काम करणारी माणसं आहेत, पण नुसत्या मनानं होत नाही. कायद्यानं गटाला काय करता येतं, कुठल्या दिवशी कुठं असायला हवं, पैसा कशावर लागतो आणि काम कुठं फसतं, हे जाणकारांनी इथं लिहावं. ठोस लिहा. भाषण नको.

एक विनंती आधीच : कुठल्याही मुलाचं नाव, गल्ली, शाळा, नातेवाईक, काहीही इथं येऊ देऊ नका. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिक्षेची भीती बाजूला ठेवली तरी ते पोर उद्या याच शहरात कामाला लागायचंय.

कोर्टरोड

हातमाग अण्णा, विषय काढलात ते बरं केलंत. आधी वेळापत्रक सांगतो, कारण गटाची सगळी उपयुक्तता त्यावर आहे.

कायदा २०१५ चा, अमलात आला १५ जानेवारी २०१६ ला. २०२१ ची दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू. मुलाला ताब्यात घेतलं की प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मंडळापुढे. लॉकअप नाही, बेडी नाही, बालकल्याण पोलीस अधिकारी गणवेशात नसावा. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यातली एक तरी बाई.

नियमाप्रमाणे निर्घृण गुन्हा (किमान शिक्षाच ७ वर्षं किंवा जास्त असलेला) नसेल आणि सोबत मोठा आरोपी नसेल तर गुन्हा नोंदवायचाच नसतो. स्टेशन डायरीत नोंद आणि सामाजिक पार्श्वभूमीचा नमुना १, बस. तो नमुना घाईत भरला जातो. वडिलांचा धंदा "मजुरी", शाळा "सोडली", कारण कोरं. मंडळापुढे जाणारं मुलाचं पहिलं चित्र हेच असतं. घरच्यांच्या सोबत गटातलं कुणी असेल तर निदान शाळेचं नाव, इयत्ता आणि शाळा का सुटली ते तरी नीट लिहून घेता येतं.

आता जामीन. कलम १२ सांगतं की गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, मुलाला सोडायचंच, जामीनदारासह किंवा जामीनदाराशिवाय. नाकारायला तीनच कारणं : सुटल्यावर तो सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला शारीरिक, मानसिक किंवा नैतिक धोका होईल, किंवा सोडल्यानं न्यायाचा हेतूच फसेल. गुन्हा किती मोठा हे त्या तिघांत नाही. लोकांना हे पटत नाही, पण कायदा असाच आहे.

पोरं अडकतात ती आदेश झाल्यावर. जामीन मिळाला, पण घरच्यांना जामीनदार मिळेना, किंवा आई विड्या वळायला बसलेली आणि बाप परगावी, न्यायला कुणीच आलं नाही. अशा वेळी कलम १२(४) लक्षात ठेवा : आदेशापासून ७ दिवसांत अटी पुऱ्या झाल्या नाहीत तर मुलाला परत मंडळापुढे आणून अटी बदलायच्या असतात. हे आपोआप होईल असं धरून बसू नका. सातव्या दिवशी कुणीतरी अर्ज द्यावा लागतो. गटानं वहीत प्रत्येक मुलापुढे जामीन आदेशाची तारीख आणि अधिक ७ असे दोन रकाने करावेत. या दोन रकान्यांनी जितकी पोरं घरी जातील तितकी समुपदेशनाच्या दहा शिबिरांनी जाणार नाहीत.

हातमाग

साहेब, पहिल्या तारखेला घरच्यांनी काय काय घेऊन जायचं?

कोर्टरोड

शाळा सोडल्याचा दाखला किंवा बोनाफाईड, जन्मदाखला, रेशनकार्ड, आई किंवा वडिलांचं आधार, राहत्या जागेचं लाइटबिल किंवा भाडेचिठ्ठी. सगळ्याच्या दोन झेरॉक्स, मूळ कागद सोबत.

वयाचा कागद सगळ्यात महत्त्वाचा. कलम ९४ चा क्रम ठरलेला आहे : आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपरिषद किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, तेही नसेल तरच हाडांची तपासणी, आणि ती १५ दिवसांत. आधार कार्ड या क्रमात नाही. जन्मतारखेचा पुरावा म्हणून आधार चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये सांगितलंय. आपल्याकडे मास्तरांनी अंदाजानं घातलेली १ जून ही तारीख शेकडो दाखल्यांवर सापडते. शाळेचा दाखला आणि पालिकेचा दाखला यांत फरक असेल तर तो लपवू नका, वकिलाला पहिल्याच दिवशी दाखवा. मुलगा सज्ञान समजून मोठ्यांच्या कोर्टात किंवा तुरुंगात गेलेला असला तरी तो घटनेच्या दिवशी १८ च्या आत होता हा मुद्दा कलम ९ प्रमाणे कुठल्याही टप्प्यावर मांडता येतो, निकाल लागल्यावरसुद्धा.

वकील फुकट मिळतो. मुलाला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज द्यायचा.

माणदेशी

सगळं वाचतोय. पण ज्याची गाडी गेली, ज्याच्या पोराला चाकू लागला, त्यानं काय करायचं? पुण्यात २०२४ च्या मे महिन्यात अल्पवयीन मुलाच्या गाडीनं दोन जीव गेले आणि पोराला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. तेव्हापासून लोकांचा या मंडळांवरचा विश्वास उडालाय. हे मी रागानं विचारत नाही.

भीमाकाठ

माणदेशी दादा, प्रश्न रास्त आहे. तो टाळून हे काम करता येत नाही.

त्या निबंधामुळं लोकांना वाटायला लागलं की कायद्यात एवढंच आहे. कलम १८ वाचा. समज देऊन घरी पाठवणं, गट समुपदेशन, समाजसेवा, आईवडिलांना दंड, ३ वर्षांपर्यंत परिविक्षा (देखरेखीखाली घरी राहणं), ३ वर्षांपर्यंत विशेष गृह (दोष ठरलेल्या मुलांची संस्था). शिवाय शाळेत जाण्याचा, व्यसनमुक्तीचा, ठरावीक जागी न जाण्याचा आदेश जोडता येतो. १६ ते १८ वयाच्या मुलाचा गुन्हा निर्घृण असेल, म्हणजे त्याला किमान शिक्षाच ७ वर्षं किंवा जास्त असेल, तर प्राथमिक मूल्यांकन होऊन तो बाल न्यायालयात (हे मंडळाहून वेगळं) मोठ्यासारखा चालू शकतो.

यात "किमान" हा शब्द फार महत्त्वाचा. नुसती कमाल शिक्षा मोठी असून भागत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये हा खुलासा केला आणि २०२१ च्या दुरुस्तीनं तो कायद्यात आला. भारतीय न्याय संहितेतली साधी चोरी ३ वर्षांपर्यंत शिक्षेची, म्हणून किरकोळ. घरफोडून केलेली चोरी गंभीर, म्हणजे किरकोळ आणि निर्घृण यांच्या मधली. जबरी चोरीला १० वर्षांपर्यंत शिक्षा असली तरी किमान ठरलेली नाही, म्हणून तीही गंभीर. खून निर्घृण. हा फरक घरच्यांना पहिल्याच भेटीत समजावून सांगा, नाहीतर गल्लीतलं कुणीतरी "आता दहा वर्षं आत" म्हणून घाबरवतं आणि आई दागिने मोडून भलत्याच माणसाच्या हातात पैसे देते.

ज्याचं नुकसान झालं त्याच्याबद्दल गटानं एक रेघ आखून घ्यावी. तक्रारदाराच्या घरी समेटाला जायचं नाही, निरोप धाडायचा नाही, आरोप असलेल्या मुलाच्या आईबापांनाही पाठवायचं नाही. हेतू चांगला असला तरी समोरच्याला ते दडपण वाटतं, आणि साक्षीदार फोडल्याचा आरोप आला तर जामीन धोक्यात येतो. माफी मागायची असेल, भरपाई द्यायची असेल तर ते मंडळापुढे, वकिलामार्फत. पीडिताला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाईचा अर्ज करता येतो हे मात्र त्यांना कळायला हवं, आणि ते सांगायचं काम पोलीस आणि प्राधिकरणाचं.

भीमाकाठ

आता सामाजिक तपासणी अहवाल. नमुना ६. गटाचा सगळ्यात मोठा हात इथं लागू शकतो म्हणून सविस्तर लिहितो.

परिविक्षा अधिकाऱ्यानं तो दोन आठवड्यांत मंडळाला द्यायचा. त्यात घर, उत्पन्न, शाळा, तब्येत, व्यसन, मित्र, शेजार, गुन्ह्याआधी काय घडत होतं, आणि पुढं काय करावं याची शिफारस येते. आदेश काय होणार ते बरंचसं या शिफारशीवर ठरतं. पण जिल्हा ११ तालुक्यांचा. करमाळा, माळशिरस सोलापुरापासून शंभर किलोमीटरच्या पुढे. अधिकारी मोजके आणि त्यांच्याकडे इतर कामंही तेवढीच. मग गृहभेट होत नाही, आईला कार्यालयात बोलावून पाऊण तासात अहवाल लिहिला जातो. "घरचं वातावरण प्रतिकूल, संस्थेत ठेवणे हिताचे." या एका ओळीवर पोर महिनोन्‌महिने आत.

परिविक्षा अधिकारी उपलब्ध नसेल तर बालकल्याण अधिकारी किंवा सामाजिक कार्यकर्त्याकडून तपासणी करून घ्यायची तरतूद कायद्यातच आहे. समाजकार्याची पदवी असलेले गटात दोघे जरी असले तरी जिल्हा बाल संरक्षण कक्षाला लेखी कळवा की अमुक तालुक्यात गृहभेटीला सोबत येऊ शकतो. स्वतःहून समांतर अहवाल लिहून मंडळापुढे नेऊ नका. अधिकाऱ्याला दुखवून या कामात काही मिळत नाही, आणि बहुतेक अधिकारी मदतीला नाही म्हणत नाहीत.

भाषेचा मुद्दा सोलापुरात विसरून चालत नाही. पद्मशाली घरात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, कुठं दख्खनी, पारधी वस्तीत त्यांची बोली. आईला मराठीत विचारलं की ती "होय, होय" म्हणते. तिच्या बोलीत विचारलं की मग कळतं, पोरगा सहा महिने रात्रपाळीला कांड्या भरत होता, शाळेत झोपत होता, मास्तरांनी बसू दिलं नाही, मग जाणंच सोडलं. पहिल्या उत्तरावर अहवालात "शिक्षणाची आवड नाही" पडतं. गटात तेलुगू आणि कन्नड नीट बोलणाऱ्या बायका असाव्यातच.

तारखेचा खर्च लहान वाटतो, पण तिथंच गळती होते. मोहोळ किंवा मंगळवेढ्याहून आईनं यायचं म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली, भाडं वर. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, म्हणून आईचा खर्च निम्म्यावर येतो, बापाचा नाही. तीन तारखा गैरहजेरी पडली की "पालक बेजबाबदार" असा शेरा बसतो. प्रवासभाडं आणि दुपारचं जेवण एवढ्यासाठी गटानं वेगळी पेटी ठेवावी. दुसरं काही जमलं नाही तरी चालेल, ही पेटी रिकामी ठेवू नका.

हातमाग

चौकशी किती दिवस चालते?

भीमाकाठ

पहिल्यांदा हजर केल्यापासून ४ महिने, कारण नोंदवून आणखी २. किरकोळ गुन्ह्यात त्यानंतरही पुरी झाली नाही तर कार्यवाही संपते, तसं कलम १४ मध्येच आहे. पुन्हा तेच : सहावा महिना भरला की वकिलाला आठवण करून द्यायची. जुनी प्रकरणं फाइलीत पडून राहतात आणि पोरगं विशीत गेलं तरी तारखेला येत राहतं.

औषधवाला

व्यसनाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. निरीक्षणगृहात (चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात ती संस्था) आलेल्या मुलाची पहिली चार-पाच रात्र सगळ्यात अवघड असते आणि ती बऱ्याचदा व्यसन तुटल्यामुळं.

पंक्चरचं सोल्यूशन, व्हाइटनर हुंगणारी पोरं चिडचिडी होतात, झोप उडते, डोकं दुखतं, भूक मरते. थोड्या दिवसांत उतरतं. पण गोळ्या, ज्याला पोरं "बटन" म्हणतात, त्या झोपेच्या आणि शांत करणाऱ्या औषधांतल्या असतात. रोज घेणाऱ्याच्या एकदम बंद केल्या तर झटके येऊ शकतात, जिवावर बेततं. म्हणून घरच्यांना माहीत असेल तर पहिल्याच दिवशी "हा गोळ्या घेतो" हे गृहाच्या अधीक्षकाला आणि वकिलाला सांगायला लावा. केस वाढेल म्हणून आई लपवते. त्यानं केस वाढत नाही, वेळेवर डॉक्टर मिळतो. सिव्हिल हॉस्पिटलच्या मनोविकार विभागात दाखवून डोस हळूहळू कमी करतात.

सुटल्यावर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा आणि १४४१६ हा मानसिक आरोग्याचा फुकट दूरध्वनी आहे. गल्लीतल्या जुन्या कट्ट्यावर परत बसायला लागला की समजा सुरुवात झाली. पहिल्या महिन्यात संध्याकाळी ६ ते १० हे तास रिकामे राहणार नाहीत अशी सोय करा. तालीम, शिकवणी, मामाचं दुकान, काहीही.

मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला कलम ७७ खाली ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मुलाला विक्रीला वापरलं तर कलम ७८. आणि एखाद्या मोठ्या माणसानं किंवा टोळीनं पोरांना चोरीला, मारामारीला पुढं केलं तर ८३(२), त्यातही ७ वर्षांपर्यंत आणि ५ लाख दंड. ही कलमं फार कमी लागतात. पोरगा सापडतो, त्याच्या मागचा माणूस नाही. मुलानं वकिलाजवळ विश्वासानं सांगितलं तर हे मंडळापुढे लेखी यायला हवं, कारण मग ते पोर पीडितही ठरतं आणि त्याच्याकडे बघण्याची नजर बदलते. मात्र गटानं स्वतः जाऊन त्या माणसाला भिडायचं नाही, त्याची किंमत पोराला चुकवावी लागते.

सेटलमेंटकर

या शहरात या विषयाची मुळं जुनी आहेत. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा, त्याखाली तारेच्या कुंपणात कोंडलेल्या वस्त्या, रोजची हजेरी. ३१ ऑगस्ट १९५२ ला देशभर तो रद्द झाला, आपले लोक विमुक्त झाले, पण "सेटलमेंट" हा शब्द पत्त्यात राहिला. पारधी, कैकाडी, टकारी, मांग गारुडी समाजाचं पोर पत्ता सांगतं तेव्हा समोरच्याच्या मनात निम्मा निकाल लागलेला असतो. गटातल्या प्रत्येकानं हे समजून मग कामाला लागावं.

कामाचं सांगतो. उत्सवाच्या आधी पोरांवर चॅप्टर टाकतात, चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र मागतात. बाल न्याय अधिनियमाचं कलम २२ स्पष्ट म्हणतं, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या आठव्या प्रकरणातली कार्यवाही मुलाविरुद्ध करताच येत नाही. ती प्रतिबंधक कलमं आता नागरिक सुरक्षा संहितेत नवव्या प्रकरणात आली आहेत. नोटीस आली तर वयाचा दाखला आणि कलम २२ चा उल्लेख असलेलं एक पानी पत्र वकिलाकडून द्या. भांडायला लागत नाही, कागद पुरतो. शहरात पोलीस आयुक्तालय वेगळं आणि ग्रामीणचं अधीक्षक कार्यालय वेगळं, पत्र कुणाला द्यायचं ते आधी बघा.

दुसरं म्हणजे जातीचा दाखला. विमुक्त जाती, भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. तो नसतो. चुलता, आत्या, चुलतभाऊ, म्हणजे बापाकडच्या रक्तातल्या कुणाचं वैधता प्रमाणपत्र असेल तर मोठा अडथळा जातो. आजोबांचा शाळेतला निर्गम उतारा शोधा. जुन्या वसाहतीतल्या शाळांच्या रजिस्टरात कधी कधी जातीसह नोंद मिळते. दाखल्याशिवाय शिष्यवृत्ती नाही, वसतिगृह नाही, आणि आयटीआयच्या राखीव जागाही नाहीत. दाखला हातात यायला काही महिने सहज जातात, म्हणून मंडळाचा निकाल लागायची वाट बघू नका, जामीन झाला त्याच आठवड्यात अर्ज टाका.

शिलाईमशीन

शिक्षण आणि कामाबद्दल.

नववीत सुटलेल्या मुलासाठी १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे राज्य मंडळाचा खासगी विद्यार्थी. अर्ज ऑनलाइन, मूळ शाळा सोडल्याचा दाखला लागतो आणि संपर्क केंद्र म्हणून शाळा निवडावी लागते. मंडळ दरवर्षी तारखा जाहीर करतं, त्या चुकल्या की विलंब शुल्क, तीही चुकली की अख्खं वर्ष. शाळेनं दाखला अडवला, तर बाल न्याय मंडळाकडून शाळेला पत्र मागून घ्या. पत्रात गुन्ह्याचा उल्लेख नको, "मुलाच्या शिक्षणासाठी दाखला आवश्यक आहे" एवढंच पुरे.

आयटीआयला वय १४ पूर्ण. बहुतेक व्यवसायांना दहावी लागते, पण वेल्डर आणि वायरमनला आठवीवर जाता येतं. विजापूर रोडच्या शासकीय आयटीआयमध्ये वेल्डरचं एक वर्ष, वायरमनची दोन. माझ्या मते आठवी झालेल्या आणि हाताला चपळ असलेल्या पोराला वेल्डर हाच सरळ रस्ता : एका वर्षात हातात कागद, आणि चिंचोळी, अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतींत काम मिळतं. मुलगा निरीक्षणगृहात असताना प्रवेश उघडले तर फॉर्म कोण भरणार हे आधी ठरवा. पासवर्ड आणि मोबाइल नंबर आईचा असू द्या, कार्यकर्त्याचा नको, तो बदलला की पोराचा अर्जच हरवतो.

सोलापूर गणवेशाच्या शिलाईचं गाव झालंय. त्यात शिकण्याची चढण नीट आहे : आधी सरळ टाका, मग ओव्हरलॉक, काज-बटण, कॉलर, शेवटी कटिंग. तीन महिन्यांत सरळ टाका आणि ओव्हरलॉक बसतो. नगावर पैसे मिळतात, म्हणून पोराला आपली प्रगती रोज दिसते. जून तोंडावर असताना कामाचा रेटा जबर, तेव्हा नव्या मुलाला घालू नका, मालकाला शिकवायला वेळ नसतो आणि एका बिघडलेल्या कापडावरून "तसल्या पोराला ठेवलं" असं बोलणं ऐकावं लागतं. ऑगस्ट-सप्टेंबर बरा.

यंत्रमागावर १८ च्या आत घालू नये असं माझं ठाम मत. आवाज, सुताची धूळ, रात्रपाळी. कायद्यानंही १४ ते १८ च्या मुलाला संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम नाही, सलग ३ तासांनंतर तासाभराची विश्रांती, विश्रांती धरून दिवसाला ६ तास. मालकाला हे लेखी द्या आणि हजेरी महिन्यातून दोनदा बघा. "पोराला कामाला लावलं" म्हणून गट खूष आणि पोर बारा तास उभं, असं होता कामा नये.

मालकाला गुन्ह्याबद्दल सांगायचं का, हा प्रश्न येणारच. सांगायचं नाही. कलम ७४ तिथंही लागू.

हिशेबनीस

गटाची नोंदणी. दोन गोष्टींची गल्लत करू नका.

गट म्हणून काम करायला १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात सभासद आणि सोबत १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंद, एवढं पुरतं. घटना, सभासद यादी, पत्त्याचा पुरावा आणि जागामालकाची संमती. उद्देशात "बालकांचे पुनर्वसन, शिक्षण, विधी साहाय्य" स्पष्ट लिहा, नाहीतर पुढं निधी घेताना अडतं. दरवर्षी लेखापरीक्षण आणि बदल अर्ज (विश्वस्त वगैरे बदलल्याची नोंद) वेळेवर. बऱ्याच चांगल्या संस्था कामानं नाही, बदल अर्ज न दिल्यानं अडकल्या आहेत.

मुलांना राहायला ठेवायचं असेल तर गोष्ट पूर्ण वेगळी. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४१ खाली नोंदणी लागते. ती नसताना मुलं ठेवली तर कलम ४२, एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान १ लाख दंड किंवा दोन्ही. "चार दिवस आमच्या खोलीवर राहू दे" असं मायेनं करू नका. कुणाला खरंच मूल सांभाळायची तयारी असेल तर मंडळाकडे कलम ५२ खाली "योग्य व्यक्ती" म्हणून मान्यता मागा. ती मिळाली की जामिनावर मुलाला त्यांच्या देखरेखीखाली सोडता येतं.

कार्यकर्त्यांसाठी : पोलीस पडताळणी, मुलाला एकट्यानं बंद खोलीत भेटायचं नाही, मुलासोबत फोटो नाही, व्हॉट्सॲप गटावर नाव नाही. वहीत मुलाला क्रमांक द्या, क्रमांकाची किल्ली दुसऱ्या कुलपात. एका कार्यकर्त्याकडे तीनपेक्षा जास्त मुलं नकोत. पहिला महिना आठवड्यातून दोन भेटी, पुढचे पाच महिने एक, मग वर्ष पुरं होईपर्यंत पंधरवड्याला. कार्यकर्ता मध्येच सुटला तर मुलाला दुसऱ्याची ओळख करून देऊन मगच सुटावं. या पोरांना आधीच बरेच जण न सांगता सोडून गेलेले असतात.

हातमाग

समाजसेवेचा आदेश झाला तर गट ती करून घेऊ शकतो का?

हिशेबनीस

होय, मंडळ संस्थेच्या देखरेखीखाली देऊ शकतं. वय १४ च्या वर हवं आणि काम मान खाली घालायला लावणारं नसावं. नियमांत उदाहरणं आहेत : बाग राखणं, वृद्धांची सेवा, दवाखान्यात मदत, वाहतूक स्वयंसेवक. वाहतुकीचं मला पटत नाही, चौकात सगळं गाव बघतं. रोपवाटिका, वाचनालयातली पुस्तकं लावणं, वृद्धाश्रम चांगले. तास, वार आणि जागा आदेशात लिहून घ्या, हजेरीपत्रकावर जागेच्या प्रमुखाची सही, आणि शेवटी एक पानी अहवाल मंडळाला. "काम छान केले" असं नको. किती तास, काय शिकला, वेळेवर आला का, एवढं.

भीमाकाठ

पैशाबद्दल एक राहिलं. संस्थेतून १८ पूर्ण करून बाहेर पडणाऱ्याला कलम ४६ खाली अनुरक्षणाची, म्हणजे स्वतःच्या पायावर उभं राहीपर्यंतची, मदत आहे, साधारण २१ पर्यंत, अपवाद म्हणून २३. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत ती महिना ४,००० रुपये. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे, मुलाचं स्वतःचं बँक खातं लागतं. संस्थेतून सुटायच्या तीन महिने आधी खातं काढा, नंतर पत्त्याच्या पुराव्यावरून अडतं. बाप नसलेल्या घरात धाकटी भावंडं असतील तर त्यांच्यासाठी राज्याची बालसंगोपन योजना बघा, महिना २,२५०. थोरल्यावरचं कमावण्याचं ओझं तेवढं कमी होतं.

मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा प्रयास हा प्रकल्प १९९० पासून पोलीस ठाणी, तुरुंग, न्यायालयं या वाटेवर काम करतोय, आणि त्याच संस्थेचा बाल न्यायावरचा संसाधन कक्षही आहे. त्यांची कामाची पद्धत गटातल्या दोघांनी तरी जाऊन शिकून यावी.

माणदेशी

माझ्या प्रश्नाला नीट उत्तर मिळालं, धन्यवाद. आता वेगळं विचारतो. आमच्याकडची पोरं पोलीस भरती, सैन्य भरतीच्या मागं असतात. लहानपणीची नोंद असेल तर भरती संपली का?

कोर्टरोड

संपत नाही. कलम २४ प्रमाणे मुलाला या कायद्याखाली झालेल्या निर्णयामुळं कुठलीही अपात्रता येत नाही. अपवाद एकच, १६ वर्षांवरचा मुलगा निर्घृण गुन्ह्यात बाल न्यायालयानं मोठ्यासारखा चालवून दोषी धरलेला. पोलिसांनी चारित्र्य दाखल्यासाठी मुलाची नोंद उघड करायची नाही, हे कलम ७४(२) मध्ये आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ते चालू प्रकरणालाही लागू. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या एका उमेदवाराच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये त्याच्याच बाजूनं निकाल दिलाय, लहानपणीच्या प्रकरणावरून नोकरी नाकारता येत नाही म्हणून.

अडचण व्यवहारात येते. नियमाप्रमाणे नोंदी अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा ७ वर्षं जपून नंतर नष्ट करायच्या. कुणी मागितलं नाही तर त्या पडून राहतात, आणि पोलीस ठाण्याच्या संगणकात नाव तसंच. म्हणून अंतिम आदेश हातात आला की वकिलाकडून दोन गोष्टी करून घ्या. एक, आदेशाची प्रमाणित प्रत, प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईच्या पेटीत. दुसरी, अपिलाची मुदत संपल्यावर मंडळाकडे कलम २४(२) खाली अर्ज, की पोलिसांना नोंदी नष्ट करण्याचे निर्देश द्यावेत. आदेश झाला की त्याची प्रत संबंधित ठाण्यात देऊन पोच घ्या. पोचेवर आवक क्रमांक आणि तारीख आहे ना, ते तिथंच उभं राहून बघा.

भरतीचा साक्षांकन नमुना (स्वतःबद्दलची माहिती लिहून द्यायचा फॉर्म) भरायची वेळ आली की स्वतःच्या मनानं "होय" किंवा "नाही" लिहू नये. नमुना, आदेशाची प्रत आणि पोच घेऊन वकिलाकडे यावं, प्रश्नाची भाषा प्रत्येक भरतीत वेगळी असते.

हातमाग

साहेब, अक्का, अण्णा, सगळ्यांचे आभार. वहीचे रकाने आज आखले : क्रमांक, हजर केल्याची तारीख, जामीन आदेश, अधिक ७, नमुना ६ चे १५ दिवस, ४ महिने, ६ महिने, जात दाखला, शाळेचा फॉर्म, अपिलाची मुदत, नोंद नष्ट अर्ज. तेलुगू बोलणाऱ्या दोघी तयार आहेत. कन्नडसाठी अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडचं कुणी येणार असेल तर इथंच कळवा.